स्वीडन, नॉर्वे आणि पारावरचं गाठोडं

स्वीडन आणि नॉर्वे या दोन शेजारी देशांत नवरा-बायकोंचं पटेनासं झालंय, ही खबर मोहाडीला पोचायचं तसं काही कारण नव्हतं. मोहाडीला आठवडी बाजार होता, तहसील कचेरी होती, धानाची गिरणी होती, आणि ज्याच्या त्याच्या घरात पुरून उरेल एवढं भांडणही होतं. बाहेरून मागवायची गरज नव्हती. पण १९७९ सालच्या दिवाळीत ती खबर आली, आणि ती आणली वासुदेवराव मास्तरांनी.

वासुदेवराव हायस्कुलात भूगोल शिकवायचे. भूगोलाच्या मास्तराचं एक दुःख असतं. सगळं जग त्याला तोंडपाठ असतं आणि तो स्वतः भंडाऱ्यापलीकडं फारसा गेलेला नसतो. वासुदेवराव एकदा नागपूरला गेले होते, तेही दाढ काढायला. तरीही आपल्याइतका व्यासंगी माणूस मोहाडीत दुसरा नाही, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. शंका होती ती वाचनालयाच्या कमिटीच्या मनात. दरवर्षी दिवाळीनंतर वाचनालयाचं एक व्याख्यान व्हायचं, आणि दरवर्षी अध्यक्ष पुंडलिकराव मास्तरांना एकच काम द्यायचे, आभारप्रदर्शन.

मागल्या वर्षी तर कहर झाला. मास्तरांनी वक्त्यापासून सुरुवात करून हारवाल्यापर्यंत सर्वांचे रीतसर आभार मानले आणि मान वर करून पाहिलं, तर समोर फक्त सतरंजीवाला उरला होता. तोही मास्तरांच्या पायाखालची सतरंजी ओढायची होती म्हणून थांबलेला. मास्तर बाजूला झाले. त्याचेही आभार मानले. पण तो अपमान त्यांनी वर्षभर लोणच्यासारखा मुरवत ठेवला.

यंदा मात्र ते स्वतःच पुंडलिकरावांकडं गेले आणि म्हणाले, "या वर्षी मी बोलणार."

"बोला ना. कशावर?"

विषय मास्तरांच्या खिशातच होता. रद्दीत आलेल्या एका इंग्रजी मासिकात त्यांना दोन देशांचा एक आलेख सापडला होता. एक रेषा स्वीडनची, एक नॉर्वेची. १९७४ च्या सुमारास स्वीडनची रेषा बिथरलेल्या बैलासारखी एकदम वर उसळलेली, आणि नॉर्वेची आपली सावकाश चढत चाललेली. मास्तरांना तो विषय पाहताक्षणी आवडला. कारण एकच, या विषयावर आपली चूक काढू शकेल असा माणूस सबंध तालुक्यात नव्हता.

"घटस्फोट?" पुंडलिकराव दचकले. "मास्तर, आता तुळशीचं लगन होऊन लगनसराई लागन. आन तुमी हे काय अभद्र घेऊन बसले?"

"विषय शास्त्रीय आहे," मास्तर म्हणाले. शास्त्रीय म्हटलं की पुंडलिकराव गप्प बसत. तारीख मागाहून कळवतो म्हणाले.

मास्तर घरी आले तेव्हा ओसरीवर त्यांचे मेहुणे टिकाराम बसले होते. बहिणीला भाऊबीजेसाठी माहेरी न्यायला ते दरवर्षी स्वतः येत. उषाबाईंचं माहेर लाखांदूरच्या पुढं, तलावाकाठी. टिकाराम धानाचे शेतकरी, बोलायला थोडके आणि द्यायला मोकळे. या खेपेला त्यांनी जावयासाठी पांढरंशुभ्र धोतर आणलं होतं. मास्तरांनी ते हातात घेतलं, पोत छान आहे म्हणाले, आणि पुन्हा स्वीडनमध्ये शिरले.

इथं त्या गावची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरच उभं आहे. दिवाळीनंतर तिकडं गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, दंडार म्हणजे नाचगाण्याचं लोकनाट्य रंगतं, पाहुण्यारावळ्यांनी गाव फुलून जातं. उषाबाईंच्या गावात मंडईच्या दिवशी माहेरवाशिणी दुपारपासून पिंपळाच्या पारावर आपापलं गाठोडं घेऊन बसत. मग एकेकीचा नवरा यायचा, मंडईतल्या बांगड्या तिच्या हातात द्यायचा आणि चारचौघांदेखत तिचं गाठोडं उचलायचा. गाठोडं उचललं की संसार आणखी वर्षभर पक्का. आणि दिवे लागेपर्यंत जिचं गाठोडं कोणी उचललं नाही, ती बाई उठून आपल्या बापाच्या घरी परत जायची. मग कोणी काही बोलत नसे. फारकत झाली, एवढं सगळे समजून घेत.

मास्तर या रितीला मागासलेली म्हणत. तरी वीसेक वर्षं ते दरवर्षी जात आले होते. बांगड्या आणत, गाठोडं उचलत, आणि परतीच्या एसटीत रूढी-परंपरांवर उषाबाईंना चार शब्द सुनावत. उषाबाई खिडकीबाहेर पाहत ऐकून घेत. गाठोडं उचललं गेलेलं असे, मग बाकीचं त्यांना चालत असे.

"आइकून राहिले का जी?" निघताना उषाबाई दारात थांबून म्हणाल्या. "यंदा मंडई जरा उशिरा हाय. पुढचा सोडून त्याच्या पुढच्या इतवारी. या मंग घ्यायले."

"हो."

"इतवारी. इसरू नोका."

"हो, हो," मास्तर म्हणाले आणि फूटपट्टी धरून नॉर्वेची रेषा पुढं ओढली. उषाबाई अंगण ओलांडेपर्यंत दोनदा मागं वळून पाहत होत्या. मास्तरांना ते दिसलं नाही. ते १९७६ सालात होते.

आठवड्याने पुंडलिकरावांनी तारीख आणली. म्हणाले, "मास्तर, एकच इतवार मोकळा हाय. पन त्या रोजी चार-पाच गावायची मंडई हाय. लोकं कमी येतीन."

त्यावर मास्तरांनी जे उत्तर दिलं ते पुढं कित्येक वर्षं त्यांच्या कानात घुमत राहिलं. "व्याख्यान सोडून मंडईला जाणारा श्रोता मला नकोच आहे," ते म्हणाले. आणि आपलं वाक्य त्यांचं त्यांनाच इतकं आवडलं की त्यांनी ते शेजारच्या यादोरावांनाही ऐकवलं.

यादोराव जंगलखात्यातून निवृत्त झाले होते. हाताखाली जंगल उरलं नसल्यामुळे ते आता शेजाऱ्यांना सल्ले देत. "मास्तर," ते सुपारी कातरत म्हणाले, "परदेशाबद्दल काईबी सांगा, लोकं मान डोलवतीन. पन एखादा उठून इचारनच, आपल्या भंडाऱ्यात किती? तवा काय सांगान? आन दुसरं, नुसतं बोलनं कोनी आइकत नाई. चित्र पायजे. मोठ्ठं. दंडारीच्या परद्यायेवढं."

सल्ला फुकटचा होता. मास्तर दुसऱ्याच दिवशी एसटीनं भंडाऱ्याला कोर्टात गेले.

कोर्टातला कारकून भला माणूस होता. त्यानं मास्तरांना बाकावर बसवलं आणि हळू आवाजात विचारलं, "केव्हापासून पटत नाही?"

"कुणाचं?"

"तुमचं."

"माझं सगळं ठीक आहे. मला फक्त आकडा हवा आहे. जिल्ह्यात दरसाल किती घटस्फोट होतात त्याचा."

कारकुनाचा चेहरा पडला. दुःखी माणसाला तो मदत करू शकत होता, जिज्ञासू माणसाला नाही. पक्षकार नाही, वकील नाही, मग माहिती कोणत्या नात्यानं द्यायची? त्यानं मास्तरांना वरच्या साहेबांकडं पाठवलं. साहेबांनी अर्ज वरच्या कचेरीतून आणा म्हणून सांगितलं. वरच्या कचेरीनं मोहाडीच्या तहसिलीकडं बोट दाखवलं. तहसिलीतले भाऊसाहेब तर मास्तरांच्या रोजच्या ओळखीचे. ते म्हणाले, "मास्तर, आमच्याकडं जन्म आहे, मृत्यू आहे. मधल्या भानगडींचं खातं सरकारनं अजून उघडलं नाही."

पण खरी गोष्ट घडली ती कोर्टाच्या व्हरांड्यात. तिथं उषाबाईंच्या गावचे गोमाजी वावराच्या तारखेसाठी आले होते. त्यांनी मास्तरांना पाहिलं आणि लगबगीनं जवळ आले.

"राम राम जवाईबापू! तुमी इथं कायले जी?"

आता साधं सांगायचं होतं, बाबा रे, वाचनालयात भाषण आहे. पण सकाळपासून दारोदार हिंडून मास्तरांचा मान चुरगळला होता, आणि अशा वेळी माणूस उगीचच भारदस्त बोलतो. "घटस्फोटाचं काम आहे," ते म्हणाले.

"कोनाचा जी?" गोमाजींचा आवाज एकदम खाली आला.

"घाई करून चालत नाही गोमाजी. आधी पूर्ण अभ्यास करायचा, दोन्ही बाजूंची तुलना करायची. जे काय आहे ते मी रविवारी जाहीर करणार आहे."

गोमाजींनी पुढं काही विचारलं नाही. पाहुण्याला चहा पाजायची रीत म्हणून त्यांनी चहा पाजला आणि तो पिताना ते सारखे मास्तरांच्या तोंडाकडं पाहत राहिले. आपल्या व्यासंगाचा खेड्यातल्या माणसावर किती परिणाम होतो, असं मास्तरांना वाटलं.

राहिलं चित्र. पडद्याएवढा कागद मोहाडीत मिळेना. पलंगावरची चादर फुलाफुलांची होती, तीत स्वीडन हरवून गेला असता. मग मास्तरांची नजर कोनाड्यातल्या त्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर गेली. माणसाची बुद्धी जेव्हा ज्ञानाच्या मागं लागते तेव्हा तिला आहेर-बिहेर दिसत नाही. नाटकांचे पडदे रंगवणारे तुलाराम पेंटर आले, धोतर भिंतीवर ताणलं, आणि त्यांनी दोन रेषा झोकात ओढल्या, लाल स्वीडनची, निळी नॉर्वेची. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'घटस्फोट'. एवढ्यावर तुलारामांचं मन भरेना. नुसत्या रेषांत कला कुठली? मास्तर पाणी प्यायला आत गेले तेवढ्या वेळात त्यांनी खालच्या कोपऱ्यात एकमेकांकडं पाठ करून उभे असलेले नवरा-बायको काढले. बाईच्या कमरेवर गाठोडंही दिलं.

"हे काय?" मास्तर ओरडले.

"लोकायले समजाले पायजे ना जी," तुलाराम म्हणाले. "फुकट काढून देल्लं."

रविवार उजाडला. व्याख्यान दुपारी चारला होतं, ते पाचला सुरू झालं. मोहाडीतली तरणीताठी माणसं मंडयांना गेली होती. ज्यांना गुडघे, दमा किंवा तत्सम कारणानं कुठं जाता येत नव्हतं असे दहाबारा जण सतरंजीवर टेकले होते. शेंगा सोलत सोलत ऐकावं म्हणून यादोरावांच्या बायको रंभाबाईही येऊन बसल्या होत्या. लाउडस्पीकरनं 'बंधू आणि भगिनींनो' एवढं ऐकवलं आणि डोळे मिटले. मास्तर घसा ताणून बोलू लागले. स्वीडन आला, नॉर्वे आला, १९७४ साल आलं. लोक धोतराकडं टक लावून पाहत होते. मास्तरांना वाटलं, जमलं. वर्षभराचं उट्टं निघालं.

तेवढ्यात एक म्हातारा शेतकरी उठला. "मास्तर, हे लाल लकीर कोनाकोनाच्या वावरातून जाऊन राहिली?"

"म्हणजे?"

"नवीन नहर निघून राहिली ना जी? माह्यं वावर या निळ्या लकिरीच्या अलीकडं हाय का पलीकडं?"

यावर सतरंजीवर एकदम जाग आली. जो तो आपलं वावर स्वीडनमध्ये शोधू लागला. मास्तर कळकळून सांगत होते की हा कालव्याचा नकाशा नाही, हे मोडलेले संसार आहेत. तेव्हा दुसरा म्हणाला, "नहर आली का संसार मोडतेच. भावाभावात पाण्यावरून कोर्टकचेऱ्या होतेत." अध्यक्ष पुंडलिकरावांनी टेबल ठोकलं आणि कोणाला विषयाला धरून प्रश्न विचारायचा असेल तर विचारा म्हणाले.

रंभाबाईंनी पदरातली टरफलं झटकली. "मले इचारायचं हाय. मास्तर, उषाबाई दिसत नाई त्या?"

"माहेरी गेली आहे."

"थेच म्हनतो मी. त्याहीच्या गावची मंडई आजच हाय ना? जातानी मले सांगून गेल्त्या. मंग तुमी इथं कसे काय जी?"

मास्तरांनी एकवार रंभाबाईंकडं पाहिलं, एकवार दाराबाहेर पाहिलं. बाहेर समोरच्या दुकानदारानं नुकताच कंदील पेटवून टांगला होता. मागं धोतरावर गाठोडेवाली बाई पाठ करून उभी होती. मास्तरांच्या तोंडात नॉर्वे होता, तो तिथंच राहिला. ते खुर्चीवर बसले आणि खुर्ची जरा डावीकडं असल्यामुळे खालीच बसले. त्या वर्षी आभार कोणी मानले ते त्यांना ठाऊक नाही.

त्या वेळी निघायला एसटी नव्हती. सकाळच्या पहिल्या गाडीनं जायचं ठरलं, तर घरातली एकुलती एक पिशवी उषाबाईंनी नेलेली. मास्तरांनी हाताला लागलं त्या फडक्यात कपडे कोंबले, गाठ मारली आणि निघाले. भंडाऱ्याला गाडी बदलली. लाखांदूरच्या गाडीत सगळी मंडईहून परतणारी माणसं भेटतील असं वाटून ते तोंडावर उपरणं घेऊन बसले होते. पण ती सगळी माणसं उलट्या बाजूनं येत होती. मंडई संपली होती. त्या बाजूला जाणारे ते एकटेच होते.

सासुरवाडीच्या अंगणात पाय ठेवताना त्यांनी मनाची तयारी केली होती. शिव्या खाऊ, अपमान सोसू. पण घडलं उलटंच. टिकाराम लगबगीनं पुढं आले, पाय धुवायला पाणी दिलं, खाट टाकली. सासूबाई, गोदावरीबाई, दारातून काळजीनं म्हणाल्या, "जवाईबापू, अंगात कणकण असतानी निंगाले कायले? ताप उतरला का?"

"कसला ताप?" मास्तर म्हणाले.

इथं देवानं त्यांना बुद्धी द्यायला हवी होती. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण दोन दिवसांत मास्तरांना कोणी ठीकसं काही विचारलंच नव्हतं. प्रेमानं प्रश्न येताच त्यांना आपली बाजू मांडायची हुक्की आली. "छे, छे. मी ठणठणीत आहे. काल आमच्या वाचनालयात माझं व्याख्यान होतं. फार महत्त्वाचा विषय. त्या नादात मंडईचं पार ध्यानातून गेलं."

आतून बांगड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

टिकाराम खाटेवर बसायला वाकले होते, ते उभे राहिले. गोदावरीबाई सावकाश म्हणाल्या, "मंग माह्यी पोरगी खोटं बोलली म्हना."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. काल दुपारी उषाबाई पारावर जाऊन बसल्या होत्या. एकेकीचा नवरा येऊन गाठोडं उचलून गेला. लोकांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, एसटी फेल झाली असंल. दंडार सुरू झाली, तिच्याकडं त्यांनी पाठ केली, कारण आपण दंडारीत आणि हे येऊन शोधत बसतील. पुन्हा लोकांनी विचारलं, तर शाळेत इन्स्पेक्टर आला असंल म्हणाल्या. आणि दिवे लागल्यावर, पारावर दुसरी कोणीच उरली नाही तेव्हा, त्यांनी सांगितलं की ह्यांना ताप आलाय, निरोप आहे माझ्याकडं. गावानं मान्य केलं. कोर्टातली गोष्ट गोमाजींनी गावभर केली होती, तीही गाव विसरायला तयार झालं. तापाला कोण काय करणार? एका तापावर उषाबाईंनी आपला नवरा, आपली आई, आपला भाऊ, सगळ्यांची अब्रू तोलून धरली होती. आणि मास्तरांनी आल्या आल्या तो ताप उतरवून टाकला.

गोमाजी एव्हाना कुंपणाशी येऊन उभे होते. "मंग कोर्टातलं बी खरं म्हना जवाईबापू. इतवारी जाहीर करतो म्हनले होते ना तुमी?"

"अहो, ते स्वीडनचं!" मास्तर कळवळून म्हणाले. "स्वीडन आणि नॉर्वे! दोन देश आहेत. तिथले लोक घटस्फोट घेतात."

"ते तुमचे कोन लागतेत?" टिकारामांनी विचारलं.

पुरावा दाखवावा म्हणून मास्तरांनी घाईघाईनं गाठोडं सोडलं. टिपणं कपड्यांतच असतील अशी त्यांची समजूत. सदरा बाहेर पडला, टॉवेल बाहेर पडला, आणि ज्यात ते बांधले होते ते फडकं सगळ्या अंगणादेखत उलगडलं. वर तुलाराम पेंटरांच्या टपोऱ्या अक्षरांत 'घटस्फोट'. खाली पाठमोरे नवरा-बायको, बाईच्या कमरेवर गाठोडं. गोदावरीबाईंनी काठ चिमटीत धरून पाहिला.

"टिकाराम," त्या म्हणाल्या, "हे तर तूनं देल्लेलं धोतर."

मास्तरांनी आयुष्यात खूप अपमान सोसले होते आणि त्या सगळ्यांना ते लाज म्हणत आले होते. आभारप्रदर्शनाची लाज, कोर्टातल्या बाकाची लाज, खुर्चीवरून पडल्याची लाज. त्या अंगणात त्यांना कळलं की ती लाज नव्हतीच, तो नुसता रुसवा होता. लाज ही. टिकाराम रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त धोतराकडं पाहत होते, आणि त्यांच्या तोंडावर राग नव्हता, आपलं काय चुकलं असा भाव होता. मास्तरांना वाटलं, जमीन दुभंगावी. पण जमीन धानाची होती, सुगीत आलेली, तिला इतर कामं होती.

उषाबाई दारात आल्या. डोळे सुजलेले होते, आवाज मात्र साधा होता. "तुमी आले कायले?"

"तुला न्यायला."

"मंडई काल होती."

मास्तर वाकून अंगणात पडलेले कपडे पुन्हा धोतरात बांधू लागले. बोलून काय होतं ते त्यांनी नुकतंच पाहिलं होतं.

"मी काल बसली पारावर," उषाबाई म्हणाल्या. "आज तुमी बसा. दिवे लागेपर्यंत. मले यावंसं वाटलं त येईन. नाई वाटलं त शेवटची एसटी तिथंच थांबते." आणि त्या आत गेल्या. अशी काही रीत गावात नव्हती. पण गोमाजींनी मान हलवली, टिकारामांनी हलवली, आणि तेव्हापासून ती झाली.

मास्तर पारावर जाऊन बसले. शेजारी घटस्फोटाचं गाठोडं. समोर मंडईची दुकानं मोडली जात होती, बांगडीवाला आपल्या पेट्या बैलगाडीत भरून केव्हाच गेला होता. येणारा-जाणारा थांबायचा.

"मास्तर, कोनाची वाट पाहून राहिले जी?"

पहिल्याला ते म्हणाले, सहज बसलोय. तो हसून गेला. विहिरीवरून येणाऱ्या दोन बायांना म्हणाले, ती येते आहे, जरा सामान आवरते आहे. बाया एकमेकींकडं पाहून पुढं गेल्या. एकानं गाठोड्यावरची लाल रेषा पाहून नहर कुठून जाते ते विचारलं, त्याला मास्तरांनी निमूटपणे तलावाच्या पलीकडून जाते म्हणून सांगितलं. ऊन पारावरून उतरलं. बसायची जागा टोचू लागली. दर माणसाला नवं कारण सांगावं लागत होतं, आणि दर कारण आधीच्यापेक्षा थोडं पडेल आवाजात निघत होतं. काल या जागी बसून ती हेच करत होती, दंडारीकडं पाठ करून. आणि आपण त्याच घटकेला घसा ताणून स्वीडनच्या बायकांचं सांगत होतो. मास्तरांनी उपरण्यानं तोंड पुसलं, घाम नव्हता तरी.

तलावावरून गुरं परतली. कुणाच्या तरी ओसरीवर दिवा लागला. मग दुसऱ्या. शेवटची एसटी धूळ उडवत वळणावर येऊन थांबली, कंडक्टर उतरून विडी ओढू लागला. एक म्हातारी काठी टेकत पाराशी आली आणि डोळे बारीक करून मास्तरांकडं पाहू लागली.

"कोन, उषाचे मालक ना? एकटेच काहून जी? थे कुठी हाय?"

मास्तरांनी काही ठरवलं नव्हतं. व्याख्यानासारखं पाठ केलेलं नव्हतं. तोंडातून आपोआप आलं. "तिला ताप आलाय हो आजी. फार ताप आहे. म्हणून उशीर होतोय. नाहीतर ती केव्हाच आली असती."

म्हातारी 'जपा बापा' म्हणून पुढं गेली. मागून बांगड्यांचा आवाज आला. मास्तरांनी वळून पाहिलं तर पाराच्या कडेला उषाबाई उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्यांच्या मागं थोड्या अंतरावर टिकाराम, गोदावरीबाई, गोमाजी, आणि पाहता पाहता निम्मं गाव.

उषाबाईंनी आपलं गाठोडं पारावर ठेवलं.

"उतरला ताप," त्या म्हणाल्या. "उचला."

मास्तरांनी ते गाठोडं दोन्ही हातांनी उचललं. कंडक्टरनं घंटी मारली. काहीतरी म्हणावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, आणि जन्मभर सगळ्यांचे रीतसर आभार मानत आलेल्या त्या माणसाला एक शब्द सुचेना.